खिशात रिव्हॉल्व्हर ठेवण्याआधी : बेळगाव भागातल्या नव्या परवानाधारकांसाठी

परवाना मिळाला, हत्यार घरी आलं, की पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो: बाहेर पडताना हे ठेवायचं कुठं? कमरेला लावलं तर शर्ट फुगतो आणि लोक बघत राहतात. पिशवीत टाकलं तर पिशवी कुठंतरी विसरायची धास्ती. मग हात आपोआप खिशाकडं जातो. माझाही गेला होता.

मी काजूच्या धंद्यातला. मार्च ते मे काजू बीचा हंगाम. खानापूर-चंदगड पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना तेव्हा पैसे रोखच लागायचे आणि रात्री-अपरात्री जांबोटीच्या रस्त्यानं रोकड घेऊन परत यावं लागायचं. म्हणून परवाना काढला. सुरुवातीची दोन वर्षं रिव्हॉल्व्हर खिशातच ठेवलं. त्यात काय सोयीचं होतं, काय धोक्याचं होतं आणि एकदा काय होता होता राहिलं, ते नव्या माणसाला आधीच कळावं म्हणून हे सगळं सांगतोय.

ज्यांच्याकडं परवाना नाही त्यांच्यासाठी यात काहीच नाही. परवान्याशिवाय पिस्तूल जवळ सापडलं तर शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. गावठी कट्टा स्वस्तात मिळतो म्हणून कुणी सांगितलं तर त्या माणसापासूनच लांब राहा.

पहिली पायरी : परवाना काढून पुन्हा एकदा सावकाश वाचा

बहुतेक लोक परवान्यावर आपलं नाव आणि फोटो बघतात आणि कपाटात ठेवून देतात. तसं करू नका. त्यावर युआयएन (प्रत्येक परवानाधारकाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) आहे का बघा, कारण त्याच्याशिवाय परवाना वैध धरत नाहीत. हत्याराचा बोअर (नळीचं माप) आणि नंबर प्रत्यक्ष हत्याराशी जुळवा. काडतुसं एका वेळी किती ठेवता येतात आणि वर्षाला किती घेता येतात, हे आकडे वाचा. मुदत बघा, पूर्वी तीन वर्षांची असायची, आता पाच आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्षेत्राचा रकाना वाचा.

आपल्या भागात हा रकाना जितका नडतो तितका हुबळी-दावणगेरेच्या माणसाला नडत नाही. आपलं रोजचं जगणंच दोन-तीन राज्यांत पसरलेलं आहे. वेंगुर्ले रस्त्यानं निघालात, बाची मागं पडली की शिनोळी, आणि शिनोळी महाराष्ट्रात. निपाणीचा माणूस कोगनोळी ओलांडून कागलला चहा प्यायला जातो. कागवाडहून म्हैसाळ, मिरज. चोर्ला घाट उतरला की गोवा. मुलीचं सासर तिकडं, मामाचं घर इकडं, शेताचा एक तुकडा तिसरीकडं. पाटी कानडीतून मराठीत बदलते एवढंच आपल्याला जाणवतं. पण परवान्यावर क्षेत्र फक्त कर्नाटक राज्य किंवा फक्त जिल्हा असेल, तर त्या पाटीपलीकडं तुमचं हत्यार बिनपरवान्याचं ठरतं. खिशात ठेवणाऱ्याचा घोटाळा नेमका इथंच होतो. कमरेला ओझं असलं की त्याची आठवण राहते, पण खिशातलं हत्यार दोन तासांत अंगवळणी पडतं आणि माणूस तसाच हद्द ओलांडून जातो.

तिकडं कामच असेल तर ज्या कार्यालयानं परवाना दिला तिथं क्षेत्र वाढवून मिळण्यासाठी रीतसर अर्ज करा. शहरातल्यांना पोलीस आयुक्तांचं कार्यालय, बाकी जिल्ह्याला डीसी ऑफिस, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय. अर्जावर शेरा येईपर्यंत हत्यार घरी कुलपात राहू द्या.

दुसरी पायरी : नुसता खिसा चालत नाही, कव्हर लागतं

2016 च्या शस्त्र नियमांमधला 32 वा नियम सार्वजनिक ठिकाणी हत्यार नेण्याबद्दल आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर त्यासाठीच बनवलेल्या आणि अंगाला जोडलेल्या होल्स्टरमध्ये, किंवा तशाच धारकात किंवा पाठपिशवीत असलं पाहिजे, ते पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर नीट ताबा असला पाहिजे. म्हणजे पँटच्या खिशात नुसतं सोडलेलं रिव्हॉल्व्हर नियमात बसत नाही. खिशात बसणारं कव्हर, ज्याला दुकानदार पॉकेट होल्स्टर म्हणतात, ते तरी हवंच. त्यातही 'अंगाला जोडलेलं' या शब्दांवरून एखादा अधिकारी अडवू शकतो. कमरेच्या पट्ट्यात अडकवायच्या कव्हरबद्दल हा वाद निघतच नाही. परवाना घेतलात त्याच कार्यालयात एकदा तोंडी विचारून घ्या, लाजू नका.

कव्हर फक्त कायद्यापुरतं नसतं. त्याची खरी कामं तीन. ट्रिगर पूर्ण झाकणं, हत्यार खिशात एकाच स्थितीत उभं ठेवणं आणि बाहेरून आकार दिसू न देणं. यातलं पहिलं काम सर्वात मोठं. आपल्या खिशात काय काय असतं ते आठवा: गाडीची चावी, चिल्लर, पेन, सुपारीची पुडी, देवळातला अंगारा. चावीचं टोक ट्रिगरच्या कड्यात शिरलं आणि तुम्ही खाली वाकलात, तर गोळी सुटायला दुसऱ्या कारणाची गरज नाही. ज्या खिशात हत्यार, त्या खिशात दुसरं काहीही नाही. रुमालसुद्धा नाही. हा नियम मी आजही कमरेच्या बाबतीत तितकाच कडक पाळतो.

कव्हर शिवून घ्यायचं म्हणून आपल्याकडचे काहीजण अथणीच्या चामडं कारागिरांकडं जातात. ते लोक हाताचे पक्के आहेत, चपलेसाठी त्यांचं नाव उगाच झालेलं नाही. पण त्यांना एक सांगावं लागतं: चामडं जाड आणि ताठ हवं. मऊ चामड्याची कड वापरून वापरून आत वळते आणि हत्यार आत सरकवताना तीच घडी ट्रिगरला अडकते. कव्हर करायला देताना हत्यार कारागिराकडं सोडून येऊ नका. ते दुसऱ्याच्या ताब्यात देणं परवान्यात बसत नाही. रिकामं करून, समोर बसून माप द्या.

तिसरी पायरी : तुमचं हत्यार खिशाचं आहे का?

सामान्य नागरिकाला मिळतं ते बहुतेक .32 बोअरचं. 9 मिमी आणि .38 हे प्रतिबंधित बोअर आहेत. .32 मध्येही रिव्हॉल्व्हरची आणि पिस्तुलाची काडतुसं वेगवेगळी असतात. रिव्हॉल्व्हरचं लांब, पिस्तुलाचं आखूड. दुकानात नुसतं 'बत्तीसची द्या' म्हणू नका, हत्यारावर कोरलेलं नाव बघून घ्या.

वजनाचा अंदाज असावा म्हणून सांगतो. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं 2014 मध्ये काढलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर साधारण अर्धा किलोचं. जुनं सरकारी .32 रिव्हॉल्व्हर आणि 2023 मध्ये आलेलं 'प्रबळ' ही दोन्ही पाऊण किलोच्या जवळ जाणारी. अर्धा किलो साखरेची पिशवी एका खिशात घालून खडे बाजार ते गणपत गल्ली चालून बघा. पँट एका बाजूला ओढली जाते आणि चालताना मांडीवर आपटत राहते. पाऊण किलोचं हत्यार माझ्या मते खिशाचं नाहीच.

रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक अडचण आहे. मागचा घोडा (हॅमर) बाहेर असतो, त्याचं टोक खिशाच्या काठात अडकतं. आणि हत्यार लहान म्हणजे नळी आखूड, मूठ तोकडी. हाताला दणका जास्त बसतो आणि नेमही लवकर चुकतो. लहान हत्यार नवशिक्याला सोपं असतं असं लोक समजतात, पण नेमकं उलट आहे. म्हणून लहान हत्यार घेणाऱ्यानं मान्यताप्राप्त रेंजवर जास्त सराव केला पाहिजे. शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण नियमांतच आहे. ते कागदापुरतं उरकू नका.

चौथी पायरी : फायदा-तोटा स्वतःच्या कपड्यांवर तोलून बघा

फायदे आहेत, नाही असं नाही. खिशातलं हत्यार लोकांच्या नजरेत येत नाही आणि आपल्या गावात ही फार मोठी गोष्ट आहे. 'त्याच्याकडं पिस्तूल आहे' अशी बातमी एकदा झाली की भांडणं, उसनवारी, निवडणूक, सगळीकडं तुमच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतात, आणि चोराला घरात काय आहे ते कळतं. उन्हाळ्यात कोट, जाकीट लागत नाही. शर्ट खोचायची गरज नाही. जाडजूड माणसाला कमरेचं कव्हर पोटात टोचतं, खिशातलं टोचत नाही.

तोटे मोजायला बसलं तर यादी लांबते, पण माझ्या मनात त्यांचं वजन सारखं नाही. घामानं हत्यार गंजतं, खिशातला कापसाचा धुरळा आत जातो, हे तोटे रोजच्या पुसण्यानं आटोक्यात येतात. गर्दीत खिसा मारला जाणं त्याहून वाईट. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेत किंवा शनिवारच्या बाजारात पाकीट मारणाऱ्याच्या बोटांना ते पाकीट आहे की रिव्हॉल्व्हर ते आधी कळत नसतं. हत्यार हरवलं तर लगेच जवळच्या ठाण्यात लेखी तक्रार द्यावी लागते, आणि ते सापडेपर्यंत त्यानं कुठं काय झालं असेल या काळजीत तुमची झोप जाते.

पण सगळ्यात मोठा तोटा बसण्याचा आहे. पुस्तकात उभ्या माणसाचं चित्र काढून समजावलेलं असतं. आपण उभे किती वेळ असतो? स्कूटरवर, गाडीत, दुकानाच्या गादीवर, पंगतीत मांडी घालून. बसलं की खिसा आडवा होतो, त्याचं तोंड उघडतं, हत्याराची मूठ बाहेरच्या बाजूला सरकते आणि नळी आपल्याच मांडीकडं किंवा शेजारच्याकडं वळते. मांडीत मोठी रक्तवाहिनी आहे. तिथली गोळी हॉस्पिटलपर्यंत पोचायला वेळ देईलच असं नाही.

माझं झालं ते सांगतो. शिनोळीला मेहुण्याच्या घराची वास्तुशांत होती. मी सकाळी पांढरा लेंगा-नेहरू शर्ट घालून गेलो, रिव्हॉल्व्हर लेंग्याच्या बाजूच्या खिशात, तेही कव्हरशिवाय. लेंग्याचा खिसा खोल असतो पण सैल. आत वस्तू झोपाळ्यासारखी हलते. जेवणाची पंगत संपली, हात धुऊन मी अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टेकलो आणि पाय लांब केले. काही पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही, कारण खाली शेणानं सारवलेली ओली जमीन होती. मला दिसली ती मेहुण्याची चार वर्षांची नात, खुर्चीखाली वाकलेली, आणि तिची दोन्ही हातांची बोटं काळ्या मुठीवर. सहाही घरांत काडतुसं भरलेली होती. मी झडप घातली तेव्हा तिनं घाबरून हात सोडले आणि रडायला लागली. अंगणातले सगळे गप्प झाले. माझी बायको काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. परतीच्या वाटेवर बाचीची पाटी दिसली तेव्हा दुसरी गोष्ट डोक्यात आली: माझ्या परवान्यावर क्षेत्र कर्नाटकापुरतंच होतं.

त्या दिवसानंतर खिसा सोडला. तुम्ही तो धरणार असाल तर लेंगा, ट्रॅक पँट, पातळ टेरिकॉटची पँट यांत हत्यार अजिबात ठेवू नका. जाड कापडाची, खोल आणि अरुंद तोंडाच्या खिशाची पँट, शक्यतो शिंप्याकडून खिशाला आतून दुहेरी कापड लावून घेतलेली. मागचा खिसा कधीच नाही. शर्टाचा वरचा खिसा तर विचारातही नको; देवळात पाया पडायला वाकलात की हत्यार देवाच्या पुढ्यात.

पाचवी पायरी : पंधरा दिवस घरात, रिकाम्या हत्यारानं

बाहेर नेण्याआधी पंधरा दिवस घरातच सराव करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. रिव्हॉल्व्हर असेल तर उघडून काडतुसं काढा आणि मोठ्यानं मोजून ताटलीत ठेवा. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) काढा, मगच स्लाइड (वरचा सरकता भाग) मागं ओढा. उलटं केलं तर मॅगझिनमधली पुढची गोळी परत चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, जाते, आणि माणूस रिकामं समजून बसतो. डोळ्यानं बघा आणि करंगळी घालूनही बघा. दोनदा.

मग रिकामं हत्यार कव्हरसकट खिशात घालून रोजची कामं करा. मांडी घालून जेवा. बुटाची लेस बांधा. स्कूटरवर बसा, उतरा. गाडीचा पट्टा लावा आणि बघा, पट्ट्याखाली खिशापर्यंत हात पोचतो का. बहुतेकांचा पोचत नाही, आणि रोकड घेऊन जाणाऱ्या माणसाला धोका गाडीतच असतो. नातवंडाला कडेवर घ्या. त्याचा पाय नेमका कुठं लागतो ते कळेल. या पंधरा दिवसांत एकदाही हत्यार सरकलं, घसरलं किंवा बाहेरून आकार दिसला, तर तो खिसा किंवा ते कव्हर बाद करा.

परत ठेवण्याची पद्धत बोटांच्या सवयीची झाली पाहिजे. कव्हर खिशात ठेवून त्यात हत्यार कोंबायचं नाही. आधी कव्हर बाहेर काढायचं, डोळ्यांसमोर त्यात हत्यार घालायचं, ट्रिगर पूर्ण झाकला गेला ते बघायचं, मग दोन्ही मिळून खिशात. बोट ट्रिगरपासून लांब, कड्याच्या बाहेर, सरळ.

बाहेर नेतानाही नवीन माणसानं पिस्तुलाचं चेंबर रिकामं ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवा. काही अनुभवी लोक याच्याशी सहमत नसतात, वेळेला उशीर होतो म्हणतात. मी त्या अंगणात उभा होतो, म्हणून माझं मत बदलत नाही.

सहावी पायरी : कुठं न्यायचं नाही

लग्न, वरात, जत्रा, देऊळ, शाळा, कोर्ट, दवाखाना. आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात खाली येतेच. दारू प्यायची असेल त्या संध्याकाळी हत्यार घरी. सांबऱ्याच्या विमानतळावर केबिनच्या सामानात हत्यार जात नाही. न्यायचंच असेल तर विमान कंपनीला आधी सांगून, रिकामं करून, रीतसर नोंद करून चेक-इन सामानात.

आपल्या जिल्ह्याचे काही खास दिवस ध्यानात ठेवा. 1 नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिवस), बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमधलं विधिमंडळाचं अधिवेशन, सीमाप्रश्नावरून वातावरण तापलेले दिवस. अशा वेळी जमावबंदीचे आदेश निघतात आणि त्यात शस्त्र बाळगण्यावर बहुधा बंदी असते. परवाना असला तरी. निवडणुका लागल्या की ठाण्यातून हत्यार जमा करायचा निरोप येतो. वेळेत जमा करा, पावती घ्या, पावतीचा फोटो काढून ठेवा. नोटीस कानडीत असेल आणि वाचता येत नसेल तर वाचून घ्यायला दोन दिवस लावू नका; तारीख निघून गेली की 'वाचता आलं नाही' हे कुणी ऐकत नाही. नियम किंवा परवान्याची अट मोडली आणि दुसरी शिक्षा सांगितलेली नसेल तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि परवाना जातो तो वेगळाच.

काढायची वेळ आलीच तर

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे. जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी खरी भीती असेल तरच टोकाचं पाऊल, आणि तेही गरजेपुरतंच. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्क उरत नाही. ओव्हरटेकवरून झालेल्या भांडणात, बांधाच्या वादात, उधारीच्या तगाद्यात नुसतं दाखवण्यासाठी काढलेलं हत्यारसुद्धा गुन्हा आहे. कुणी रोकड मागत असेल आणि पळून जायला वाट असेल तर पळा. काजूचे पैसे पुढच्या हंगामात परत मिळतात. आता तर निम्मे शेतकरी पैसे फोनवरच घेतात. माझ्या रोकडीच्या फेऱ्या इतक्या कमी झाल्यात की महिना-महिना रिव्हॉल्व्हर कपाटातून निघत नाही. तुम्हालाही रोज ते लागतं का, हे एकदा कागदावर मांडून बघा.

घरी परतल्यावर

चप्पल काढायच्या आधी हत्यार. खिशातून कव्हरसकट काढा, नळी भिंतीकडं, रिकामं करा, मोजा. कोरड्या फडक्यानं पुसा, मग तेलाचा हलका हात. पावसाळ्यात, विशेषतः खानापूर-कणकुंबीकडं राहणाऱ्यांनी, हे रोज करावं. तिकडच्या दमट हवेत दोन दिवसांत नळीवर तांबूस डाग उमटतात. पिस्तूल असेल तर मॅगझिनच्या तोंडातला धुरळा जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढा. तंबाखूच्या वखारीत काम असेल तर धूळ दुप्पट, तिथं आठवड्यातून दोनदा. हत्यार चामड्याच्या कव्हरमध्ये कपाटात ठेवू नका, चामडं ओल धरतं. सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ल्या देवघरात किंवा कॅलेंडरमागं नकोत, त्या जागा घरातल्या पोरांना आपल्याआधी माहीत असतात. माझी किल्ली माझ्या करगोट्यात असते.